भातात चांगलं जनुक आणताना शेजारी कसे गाळायचे?

'स्वर्णा-सब१' हा भात, म्हणजे 'सब१' हे जनुक आणलेला 'स्वर्णा' वाण, जवळपास दोन आठवडे पाण्याखाली तग धरतो. हा गुण ओडिशातल्या 'एफआर१३ए' या जुन्या वाणाच्या नवव्या गुणसूत्रावरून आला. पण जनुक एकटं येत नाही. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा! लगतची जनुकंही सोबत येतात, आणि एफआर१३ए उत्पादनात कमी. त्यामुळे खरी मेहनत शेजारी तोडण्यात आहे.

आधी संकर. स्वर्णाच्या लोंबीतल्या प्रत्येक फुलाचं टोक कात्रीनं छाटा, आतले सहाही पुंकेसर चिमट्यानं काढा, एफआर१३एचे पराग टाका आणि लोंबीवर पिशवी चढवा. येणाऱ्या रोपांचा पुन्हा स्वर्णाशीच संकर करा. या पिढीत निम्म्या रोपांत सब१ असेल. पानाच्या तुकड्यातल्या डीएनएवरून ती ओळखा, बाकीची उपटून टाका.

आता मुख्य काम. सब१च्या दोन्ही बाजूंना साधारण ५ सेंटिमॉर्गनवर एकेक मार्कर, म्हणजे डीएनएतली ओळखखूण, निवडा (एक सेंटिमॉर्गन म्हणजे १००त साधारण एकदा अदलाबदल होईल इतकं अंतर). सब१ असलेल्या १०० रोपांपैकी पाचेक रोपांत ठरावीक एका बाजूचा मार्कर स्वर्णाचा झालेला दिसेल, म्हणजे मधे कुठंतरी गुणसूत्र तुटून अदलाबदल झाली. दोन्ही बाजूंना एकाच पिढीत असं झालेलं रोप मात्र ४००त एखादंच. तेव्हा हाव नको: या पिढीत एक बाजू, पुढच्या संकरात दुसरी.

मार्करशिवाय नुसते संकर करत राहिलात तर? सहा संकरांनंतर ९९ टक्के वाण स्वर्णाचा होतो, तरी सब१भोवती सरासरी ३० सेंटिमॉर्गन परका तुकडा चिकटून राहतो. निसर्गातही असंच घडतं. हितकारक उत्परिवर्तन पसरतं तेव्हा शेजारचे निरुपयोगी, कधी किंचित घातक बदलही फुकटात वाढतात. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉन हेग यांनी १९७४ साली त्याचं गणित मांडलं.

दोन्ही बाजू तुटल्या की उरलेली गुणसूत्रं तपासून सर्वाधिक स्वर्णा असलेलं रोप निवडा. त्याचं स्वपरागण करा. संततीतल्या पाव रोपांत सब१च्या दोन्ही प्रती मिळतील. ती वाढवून, बुडवून पाहा.

प्रत्येक शेजाऱ्याला हाकलायलाच हवं असं नाही. स्वर्णाचं तूस सोनेरी, २००९ साली भारतात प्रसारित झालेल्या स्वर्णा-सब१चं मात्र पेंढ्याच्या रंगाचं, कारण सोनेरी रंग दाबणारं जनुक सब१ला लागूनच आहे. उत्पादनाला त्याचा त्रास नाही, उलट दोन्ही बियाणी वेगळी ओळखता येतात.