गॅरेजमधली दुर्बीण पावसाळ्यात कशी सांभाळावी

आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे लाकडी बैठकीवर फिरणारी आरशाची दुर्बीण, घरी आली की पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्या आठवड्यात "ही तोफ हॉलमध्येच राहणार आहे का?" असा प्रश्न येतो आणि दुर्बीण खाली गॅरेजमध्ये जाते. पुण्यात सहकारनगर-कोथरूडच्या जुन्या बंगल्यांत गाडीसाठी बांधलेली खोली असते, सोसायटीवाल्यांना जिन्याखालची कुलपाची जागा. फरशी शहाबादी, खिडकी असलीच तर एक, शटर लोखंडी. अशा जागी दुर्बीण वर्षानुवर्षं छान राहते. दिवाळीपासून मेपर्यंत फारसं काही करावंही लागत नाही. जून ते सप्टेंबर मात्र लागतं, आणि ते न केल्यामुळे मी एक आयपीस (डोळा लावायचं भिंग) घालवून बसलो आहे.

थंडीत तर गॅरेज घरापेक्षा बरं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10-12 अंशांवर, कधी त्याहून खाली येतो. घरातल्या 23-24 अंशांतून ट्यूब थेट गच्चीवर नेली, तर आरसा निवेपर्यंत आतली गरम हवा हलत राहते आणि गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा दिसतो. आठ इंची आरसा निवायला पाऊण-एक तास सहज जातो. गॅरेजमधली ट्यूब आधीच बाहेरच्या हवेच्या जवळपास असते, त्यामुळे हा वेळ बराचसा वाचतो.

आधी जागा बघा

पावसाळ्यात फरशीला ओल येते. दुर्बीण तिच्यावर थेट ठेवू नका. डॉब्सोनियनचा बेस बहुतेक वेळा लॅमिनेट लावलेल्या पार्टिकल बोर्डचा असतो, आणि कापलेल्या कडेतून पाणी शिरलं की तो बिस्किटासारखा फुगतो. फुगलेला बोर्ड परत बसत नाही. दोन-तीन विटा, त्यावर फळी, त्यावर बेस: एवढं पुरतं. मोठ्या पावसात रस्त्याचं पाणी शटरखालून आत येत असेल तर वीतभर तरी उंची हवी. भिंतीपासून हातभर अंतर ठेवा, पापुद्रे सुटलेल्या भिंतीपासून तर नक्कीच.

इन्व्हर्टरची बॅटरी त्याच खोलीत असेल तर दोघांना लांब लांब ठेवा, शक्यतो वेगळ्या खोल्यांत. चार्ज होताना लेड-अॅसिड बॅटरीतून निघणारी आम्लाची वाफ आरशावरच्या अॅल्युमिनियमच्या थराला खाते. हा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो, त्यामुळे त्याला फार काही सोसत नाही. स्कूटर तिथेच सुरू करून धूर काढत असाल तर तेही बंद करा. छत पत्र्याचं असेल तर एप्रिल-मेमध्ये वरच्या फळीवर काही ठेवू नका. तिथलं ऊन ग्रीस पातळ करतं आणि प्लॅस्टिकचे भाग वाकवतं.

ट्यूब कोरड्या दिवशीच बंद करा

माझी चूक इथेच झाली. जूनमध्ये एक जोरदार सर येऊन गेली, मला घाई सुचली आणि ट्यूब काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून टोकांना चिकटपट्टी मारली. आयपीसची पेटीही त्याच गाठोड्यात. म्हणजे ओली हवा मी स्वतःच आत कोंडली आणि वर पहारा बसवला. दसऱ्याला उघडलं तर 25 मिलिमीटरच्या आयपीसच्या आतल्या भिंगावर टॉर्चच्या उजेडात राखाडी धाग्यांचं जाळं चमकत होतं. ती बुरशी. ती नुसती काचेवर बसत नाही. तिच्यातून सुटणारी आम्लं कोटिंगला कोरतात, त्यामुळे पुसून बुरशी गेली तरी नक्षी राहते.

म्हणून हे काम मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाच्या सरींमध्ये दोन-तीन कोरडे दिवस गाठून करा. ट्यूब दुपारभर सावलीत, झाकण काढून, हवेवर ठेवा. उन्हात कधीच नको: उघड्या आरशाने सूर्याचा किरण एकवटला तर पडदाही पेटतो. मग पुढचं झाकण, फोकसरचं (आयपीस बसवायच्या नळीचं) झाकण आणि फाइंडरच्या (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीच्या) दोन्ही टोप्या लावा. ट्यूब आडवी, तोंड किंचित खाली अशी ठेवा, म्हणजे धूळ आरशावर बसत नाही. वरून सुती कापड. आमच्याकडे आजीचं जुनं नऊवारी आहे, दोन घड्या घालून बरोब्बर पुरतं. प्लॅस्टिक घालायचंच असेल तर छत गळत असेल तिथे, तेही वरून छत्रीसारखं, खालून मोकळं.

फोकसरचं भोक विसरू नका. कुंभारमाशीला ते फार आवडतं. ओल्या मातीचा गोळा आणून ती तिथे घर लिंपते, आत कोळी कोंबते आणि निघून जाते. वाळलेली माती खरवडताना तिचा चुरा थेट आरशावर पडतो, म्हणून घर सापडलं तर ट्यूबचं तोंड खाली करूनच काढा.

आयपीस गॅरेजमध्ये ठेवू नका

याबाबत मी हट्टी आहे. ट्यूब मोठी, तिला खाली राहू द्या. आयपीस आणि बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग) मात्र वर घरात, रबरी गॅस्केट असलेल्या हवाबंद डब्यात. डब्यात एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा) आणि ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा. आर्द्रता 40 ते 50 टक्के असली की निश्चिंत. 60 च्या वर दिवसेंदिवस राहिली की बुरशीला आमंत्रण.

सिलिका जेल रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास किलोवर मिळतं. निळं घेऊ नका, केशरी घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराईड असतं, ते विषारी. केशरी दाणे ओल पिऊन हिरवे झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर, किंवा ओव्हनमध्ये 110-120 अंशांना तास-दोन तास तापवा. परत केशरी झाले, गार झाले की डब्यात. तो तवा मग पोळ्यांना वापरायचा नाही. दाणे पातळ सुती पुरचुंडीत बांधा, सुटे टाकले तर त्यांची पूड भिंगावर बसते.

ट्यूबसाठी जुना झिरोचा बल्ब

इतक्या मोठ्या ट्यूबला सिलिका जेल पुरत नाही, तिथे ऊब कामाला येते. हवेतलं पाणी तेवढंच राहून हवा जरा तापली की सापेक्ष आर्द्रता उतरते. 25 अंशांना 85 टक्के असलेली हवा 30 अंशांवर नेली की साधारण 63-64 टक्के होते. पाच अंशांत एवढा फरक! जुन्या लोकांनी कपाटात कॅमेऱ्याशेजारी बल्ब पेटता ठेवला तो याचसाठी.

कपाट किंवा मोठं खोकं असेल तर आत तारेचा जुना झिरोचा बल्ब लावा. नावाला झिरो, खातो 12-15 वॉट, आणि तेवढी ऊब बस होते. एलईडीचा झिरो घेतलात तर उजेड पडेल, ऊब नाही. होल्डर पक्का बसवा, बल्ब कापडापासून आणि लाकडापासून वीतभर दूर, वर थोडी फट. वायरिंग जुनं असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

मोटरचे आणि फाइंडरचे सेल काढून ठेवा, फुटले की संपर्क हिरवे पडतात. वायरी डब्यात, नाहीतर उंदीर बघून घेतील.

खंडेनवमीला उघडा

अवजारांची पूजा असते, तेव्हा दुर्बिणीचीही होऊन जाते. हळद-कुंकू ट्यूबवर लावा, भिंगाला नाही. अंधारात टॉर्च तिरका धरून आरसा बघा. धूळ दिसली तर तशीच राहू द्या, थोड्या धुळीने दृश्य बिघडत नाही. पुसायच्या नादात ओरखडे पडतात, ते कायमचे. डाग किंवा धागे असतील तरच आरसा काढून डिस्टिल्ड वॉटर, दोन थेंब सौम्य साबण आणि कापसाच्या बोळ्याने, दाब न देता धुवा. थर उडालेला दिसला तर आरशावर नव्याने अॅल्युमिनियम चढवून घेता येतं.

पुढे थंडीत एक पथ्य. पहाटे निरीक्षण संपलं आणि ट्यूबवर दव असलं तर झाकणं लावू नका. तोंड खाली करून, वर कापड टाकून सकाळपर्यंत तशीच सोडा आणि कोरडी झाल्यावर बंद करा. आयपीसचा डबा घरात आणलात तर तासभर उघडू नका, थंड काचेवर घरातली दमट हवा लगेच बसते. चहा होईपर्यंतही धीर निघत नाही, ठाऊक आहे, पण डबा बंदच राहू द्या.