कॅबिनेटमध्ये धूळ शिरूच नये म्हणून

लालबागला राहून घरी डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवण्याचं, काम करायचं तर धुळीचं वेळापत्रक पाठ असावं लागतं. मार्च ते मे मिरची गल्लीतले डंक दिवसभर चालू असतात आणि मसाल्याची पूड हवेत तरंगत असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, हवा दमट होते. भाद्रपदात गुलाल. मग दिवाळीची झाडझूड, फटाके आणि थंडीत गिरण्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या टॉवरांचं सिमेंट. माझा डेस्कटॉप याच हवेत सकाळपासून रात्रीपर्यंत चालतो, आणि माझं पोट त्याच्यावर आहे. म्हणून मी जे करते ते नीट सांगते.

उघडून साफ करणं कधीतरी लागतंच. पण ते जितक्या कमी वेळा करावं लागेल तितकं बरं, कारण दरवेळी वायरी, पिना आणि क्लिपा हाताळल्या जातात. म्हणून पहिली मेहनत धूळ अडवण्यावर.

कॅबिनेट, म्हणजे डेस्कटॉपचा डबा, जमिनीवर ठेवू नका. दहा बाय बाराच्या खोलीत जागा नसते हे मला ठाऊक आहे, तरीही नको. केर काढताना उडणारी धूळ, केस, चादरीचे धागे, सगळं जमिनीलगतच लोळत असतं. दीड-दोन फूट उंचीचं स्टूल किंवा भिंतीतली फळी पुरते. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. ओट्यापासून लांब ठेवा, कारण फोडणीच्या धुरातलं तेल पंख्याच्या पात्यांवर बसतं आणि त्यावर चिकटलेली धूळ नुसत्या ब्रशने निघत नाही. रोजच्या उदबत्तीचा धूरही तसाच चिकट असतो. खिडकीला कबुतरं येत असतील तर ग्रिलला जाळी लावून घ्या. त्यांची बारीक पिसं पंख्याने सहज ओढली जातात. आणखी एक गोष्ट फार कुणी सांगत नाही: पावडर. आरशासमोर उभं राहून अंगाला लावायची आणि सुट्टीत मुलं कॅरमवर टाकतात ती, दोन्ही इतक्या हलक्या असतात की खोलीभर जातात. कॅरम दुसऱ्या कोपऱ्यात मांडायला सांगा.

आता हवेचं गणित. पुढचे पंखे हवा आत घेतात, मागचा बाहेर टाकतो. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. अनेक पंख्यांच्या कडेला बाणही कोरलेला असतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असली की कॅबिनेटच्या फटींतून हवा बाहेर ढकलली जाते आणि धुळीला फक्त पुढचाच रस्ता उरतो. तिथे जाळी लावली की काम झालं. उलट बाहेर टाकणारे पंखे भारी पडले तर प्रत्येक फट, यूएसबीचं प्रत्येक भोक धूळ ओढतं. हे तपासायला मशीन चालू ठेवून पेटती उदबत्ती दोन मिनिटं फटींजवळ धरा. धूर आत वळला तर पुढे एक पंखा वाढवा किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन मागच्याचा वेग कमी करा. मागची न वापरलेली कार्डांची खाचही पत्र्याच्या पट्टीने बंद करा.

जाळीसाठी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात चुंबकाची पट्टी असलेले तयार फिल्टर मिळतात. तुमच्या कॅबिनेटच्या मापाचा नसेल तर मच्छरदाणीची बारीक नायलॉन जाळी कापून बाहेरून लावा, एकच थर. दोन थर लावले की हवाच अडते आणि प्रोसेसर तापतो. जाळीकडून अवाजवी अपेक्षा मात्र ठेवू नका. पीएम २.५ म्हणतात ते कण अडीच मायक्रॉनचे किंवा त्याहून लहान असतात, ते आरपार जातात. जाळी अडवते ते तंतू, केस, पिसं, आणि तेच अडवायचे असतात, कारण प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या धातूच्या पट्ट्यांत आधी ते अडकतात, मग बारीक धूळ त्यांच्यावर बसत जाते आणि शेवटी पंख्याखाली गोधडीसारखा थर तयार होतो. पंधरवड्याला जाळी काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, म्हणून दोन जाळ्या असू द्या.

विसर्जनाच्या दिवशी रस्त्याकडची खिडकी बंद, मशीन बंद, वर जुनी सुती चादर. गुलाल बसला की तो सहजी निघत नाही. दिवाळीत घर झाडतानाही तसंच झाका, आणि कॅबिनेटची सफाई घर झाडून झाल्यावर करा, आधी नको. चालू मशीनवर कव्हर कधीच नको, आणि बंद असतानाही प्लास्टिकचं नको, त्यात ओल कोंडते.

उघडून साफ करायची मुख्य वेळ मे महिन्याची अखेर. कोरडी धूळ फुंकरीने उडते. तीच पावसाळी हवेत ओल धरते आणि बोर्डाला चिकटते. त्यात समुद्राकाठच्या हवेतलं मीठ ओलावा धरून ठेवतं आणि पिनांना गंज चढवतं. म्हणून पाऊस लागण्याआधी आतली धूळ गेलेली बरी. पावसाळ्यात काम नसलं तरी रोज तासभर मशीन चालू ठेवा, आतली ऊब ओल धरू देत नाही.

उघडताना शटडाऊन करा, एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) स्विच बंद करा, वायर काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट गॅलरीत न्या, नाकाला मास्क लावा. वायरी जशा आहेत तसा मोबाईलवर फोटो काढा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावत राहा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज भागांवर उतरणार नाही. रंगकामाचा एक इंची मऊ ब्रश आणि कॅमेऱ्याचा रबरी पंप एवढं बहुतेक कामाला पुरतं. विजेचा ब्लोअर असेल तर फूटभर लांबून, थांबत थांबत मारा. पंख्याची पाती बोटाने धरल्याशिवाय हवा मारू नका. जोरात फिरलेला पंखा बेअरिंग खराब करतो आणि उलटी वीजही तयार करतो. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची प्लास्टिकची नळी बोर्डाला टेकवू नका, तिच्यात स्थिर वीज साठते.

प्रोसेसरवरचा पंखा हीटसिंकवरून सोडवा. खरी धूळ त्याच्या खाली असते आणि वरून फुंकून ती आणखी आत दबते. थर बोटांनी उचला, उरलेलं ब्रशने काढा. या सफाईत हीटसिंक मात्र हलवू नका. रॅमचे सोनेरी पट्टे अनेक रिपेअरवाले खोडरबराने घासतात. मला ते पटत नाही, चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं, धागे न सुटणारं फडकं हलकेच फिरवा आणि सुकू द्या. एसएमपीएस बाहेरूनच फुंका. त्याचे स्क्रू उघडू नका: वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतकी वीज राहू शकते.

साफ झाल्यावर मशीन अर्धा तास नेहमीच्या कामावर चालवा आणि प्रोसेसरचं तापमान वहीत लिहा, शेजारी खोलीचं तापमानही. मे आणि जानेवारीचे नुसते आकडे एकमेकांशी ताडून काही कळत नाही, प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानांतला फरक पाहायचा. तो फरक आठ-दहा अंशांनी वाढला की आधी जाळी धुवा. तेवढ्याने उतरला नाही तर कॅबिनेट उघडा. पट्ट्या स्वच्छ असूनही आकडा चढलेलाच असेल तर बहुधा थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप, सुकलेली असते. तेव्हा हीटसिंक काढा, जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा, मधोमध नव्या पेस्टचा छोटा थेंब ठेवा आणि स्क्रू आलटूनपालटून, कोपऱ्याला कोपरा साधत आवळा.