पहिल्या पुस्तकाचं कव्हर करून घेताय? आधी हे वाचा

माझ्या पहिल्या कथासंग्रहाच्या वेळी मी कव्हर करणाऱ्याला सांगितलं होतं की समई हवी, नदीचा घाट हवा आणि कोपऱ्यात पाठमोरी बाई. बिचाऱ्याने सगळं टाकलं. मग एका प्रदर्शनात टेबलावर पुस्तक ठेवलं तर एक काका आले, उचललं आणि म्हणाले, "स्तोत्रं आहेत का यात?" आत नोकरी करणाऱ्या बायकांच्या गोष्टी! त्यानंतर कुणाला पुस्तक द्यायचं म्हटलं की मी ते आधी पिशवीतच ठेवायचे, इतकी लाज वाटायची, आणि चूक तर माझीच होती.

तर पहिली गोष्ट, चित्र सांगू नका, पुस्तक सांगा. दोन कथा वाचायला द्या, कोण वाचेल ते सांगा, बाज गंभीर की मिश्कील ते सांगा, बास. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांची रेष कव्हरवर दिसली की मामला हसण्याचा आहे हे नाव वाचायच्या आधी कळायचं, हे काम कव्हरने करायचं असतं, गोष्ट सांगायचं नाही.

दुसरं म्हणजे अक्षर. आपल्याकडे लोक चित्रावर महिनाभर भांडतात आणि नाव कुठल्याही फॉन्टात टाकतात. कमल शेडगे नाटकांची नावं काढायचे ती आठवा, अक्षर बघूनच नाटकाचा बाज समजायचा. आणि एक भयंकर प्रकार, डिझायनरच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय भाषांचं सेटिंग चालू नसेल तर देवनागरी फुटते, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षराचा पाय मोडून हलंत दिसतो. डिझायनर मराठी वाचणारा नसेल तर त्याला कळणारच नाही, त्यामुळे नाव, लेखक, मागचा मजकूर, सगळं स्वतः अक्षर अक्षर लावून वाचा. रफार आणि अनुस्वार तर बोट ठेवून.

कणा, म्हणजे पुस्तकाची बांधणीकडची उभी पट्टी, विसरू नका, कारण दुकानात पुस्तक बहुतेक वेळ उभंच असतं. हिशोब सोपा आहे, २०० पानं म्हणजे १०० कागद, एक कागद ०.१ मिमी धरला तर कणा १० मिमी. पण कागदाची खरी जाडी प्रेसवाल्याला विचारूनच फाइल बनवा, नाहीतर नाव सरकून पुढच्या बाजूला येतं. कडेला ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग), रिझोल्यूशन म्हणजे चित्राचा बारकावा ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे. स्क्रीनवरचा झगझगीत निळा छापल्यावर मळका होतो, तेव्हा रडू नका. मागे आयएसबीएनच्या, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाच्या, बारकोडला पांढरी जागा ठेवा.

ऑनलाइन विक्री करणार असाल तर कव्हर मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा, नाव वाचता येत नसेल तर बाकी कितीही सुंदर असू दे, बदला.

फायनल करण्याआधी एक रंगीत प्रिंट काढा, तेवढ्याच आकाराच्या जुन्या पुस्तकाला गुंडाळा आणि घरच्या कपाटात चार दिवस ठेवून द्या. घरी येणाऱ्याला "कसं वाटतं?" विचारू नका, सगळे छानच म्हणतात. "आत काय असेल?" असं विचारा. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी शेजारच्या काकूंनी नुसता लोकलचा हँडल आणि त्याला अडकवलेली डब्याची पिशवी बघून सांगितलं, "ऑफिसला जाणाऱ्या बायकांचं दिसतंय", आणि मी त्याच संध्याकाळी फाइल प्रेसला पाठवली.