भूल न देता कुत्र्याचा बीपी मोजताय? या चुका टाळा

टेबलावर चढवलेला लॅब्रॅडॉर, शेपटी पायांत, बीपीचा वरचा आकडा १८८. अम्लोडिपिन, म्हणजे बीपी उतरवणारं औषध, लिहायला घेतलं होतं, पण म्हटलं थांबूया. त्याला मालकिणीजवळ सतरंजीवर बसवलं, दहा मिनिटं कोणी हात लावला नाही. मग आला १४६.

घाई ही पहिली चूक. आधी ५ ते १० मिनिटं कुत्र्याला खोलीची सवय होऊ द्या. पहिलं रीडिंग सोडा, पुढची ५ ते ७ घेऊन सरासरी काढा. १६० च्या पुढे उच्च रक्तदाब, १८० च्या पुढे गंभीर; तरीही डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव वगैरे काही दिसत नसेल, तर वेगळ्या दिवशी पुन्हा मोजल्याशिवाय शिक्का मारू नका.

कफची (पायाला गुंडाळायच्या हवेच्या पट्ट्याची) रुंदी पायाच्या घेराच्या ४० टक्क्यांच्या आसपास हवी. घेर १५ सेंमी असेल, तर कफ ६ सेंमीचा. अरुंद कफ आकडा फुगवतो, रुंद कफ पाडतो. टेप लावून मोजा, अंदाजपंचे नको. शिवाय कफ हृदयाच्या पातळीलाच हवा. बसलेल्या कुत्र्याचा पुढचा पाय खाली टेकलेला असेल, तर दर १० सेंमीला ७-८ मिमी (पाऱ्याचे, बीपीचं एकक) उगाच वाढतात. पंजा हलकेच उचलून धरा. डॅशहुंडसारख्या आखूड पायांच्या कुत्र्यात मी सरळ शेपटीला कफ बांधतो.

डॉप्लरचा (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा) आवाज येत नाही? केस काढा, जेल वाढवा आणि प्रोब, म्हणजे त्वचेवर टेकवायचा भाग, दाबू नका. दाबाने धमनीच बंद होते. हेडफोन लावा, त्या खरखरीनेही कुत्री दचकतात. स्वयंचलित यंत्र वापरत असाल, तर त्याने दाखवलेले ठोके हाताने मोजलेल्या नाडीशी ताडून बघा. जुळले नाहीत, तर ते रीडिंग बाद.

आता इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. महाधमनीखालच्या अरुंदपणात प्रवाहाचा वेग मोजताना डॉप्लरची रेघ प्रवाहाला समांतर हवी. अरुंद जागेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक म्हणजे वेगाच्या वर्गाची चौपट, त्यामुळे कोनाची चूक महागात पडते: खरा वेग सेकंदाला ४ मीटर असेल, तर फरक ६४ मिमी; ३० अंश तिरकं धरलंत, तर यंत्र ४८ दाखवतं. आणि कुत्रं भुंकत, धडपडत असेल, तर वेग खराच वाढलेला असतो. म्हणून रिपोर्टवर वेगाशेजारी त्या क्षणाचे हृदयाचे ठोके लिहा. गुंगीचं इंजेक्शन दिलं असेल, तर तेही. मेडेटोमिडिन या गुंगीच्या औषधाने ठोके निम्म्यावर येऊ शकतात. पुढच्या वेळी तोच पाय, तोच कफ, तीच स्थिती ठेवा.