लेकरासाठी राखलेली जुनी वाइन आणि घरचं जेवण: या चुका टाळा

मूल शिकून-सवरून नोकरीला लागतं, दोन दिवसांच्या सुट्टीवर घरी येतं, आणि त्याच्यासाठी राखलेली वाइनची बाटली उघडून आपण एकत्र जेवायला बसतो. ही हौस आता आपल्याकडे बऱ्याच घरांत दिसते आणि मला ती मनापासून आवडते. म्हणूनच त्याच त्या चुकांपायी चांगल्या बाटल्या वाया गेलेल्या बघवत नाहीत. मैत्रिणींचे, भाच्यांचे फोन मला येतात ते नेहमी बूच तुटल्यावर. बाई गं, आदल्या दिवशी फोन कर!

बाटली माळ्यावर टाकणं

ही चूक मी स्वतः केली आहे. माझी मुलगी 2001 सालची. ती पाच वर्षांची असताना नवऱ्यानं परदेशातून फ्रान्समधल्या बोर्दोची 2001चीच एक बाटली आणली. ठरलं असं, की तिला 21 पूर्ण झाली की उघडायची. महाराष्ट्रात वाइनसाठी कायद्यानं तेवढं वय लागतं. बाटली जुन्या साडीत गुंडाळली आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर उभी करून ठेवली. खाली शेगडी, कुकरची वाफ, वर तापलेली गच्ची. असे पुण्याचे सोळा उन्हाळे त्या बाटलीनं काढले.

2022मध्ये खाली काढली तेव्हा बुचावरचं वेष्टण चिकट लागत होतं. बूच वर सरकलेलं. वाइनची पातळी बाटलीच्या खांद्याच्याही खाली उतरलेली. ग्लासात ओतली तर रंग काढ्यासारखा, वास उकळलेल्या मनुकांचा. मुलीनं एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चालेल गं आई." ती चालणारी नव्हती. मी सिंकमध्ये ओतली आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

घडतं ते असं. उष्णतेनं वाइन फुगते आणि बूच बाहेर ढकलते. रात्री गार झाली की आकसते आणि फटीतून हवा आत ओढून घेते. उभ्या बाटलीचं बूच वाळतं, म्हणून फट आणखी वाढते. जुनी वाइन मागते काय, तर 12 ते 14 डिग्री, अंधार आणि वर्षभर न हलणारं तापमान. वाइनचा छोटा फ्रिज परवडत असेल तर घ्या. नसेल तर मी करते तसं करा: वर्तमानपत्रात गुंडाळून साध्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. तिथे वाइन मुरायची थांबल्यासारखी होते, पण मे महिन्यातल्या माळ्याशी त्याची तुलनाच नाही. आणि हेही जमत नसेल तर राखूच नका. मूल येणार असेल त्या महिन्यात तयार जुनी बाटली विकत घ्या.

जी मुरत नाही ती मुरवणं

वाइन म्हणजे लिंबाचं लोणचं नव्हे. नाशिककडची शेनिन ब्लाँ, सोविन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइन बहुतेक सगळ्या ताज्या प्यायच्या. वर्ष-दोन वर्षांत त्यांचा तजेला जातो. मुलाच्या बारशाला कुणी दिलेली अशी बाटली पंचवीस वर्षं जपणाऱ्यांना मी काय सांगू? तुरट, अंगानं भरलेल्या लाल वाइनला वय मानवतं. आपल्याकडची उदाहरणं द्यायची तर सुला कंपनीची रासा किंवा अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची सेत्ते. त्याही पाच-सात वर्षांच्या हिशेबानं ठेवाव्यात, पंचवीस नाही. नवशिक्यांना मी स्पेनमधल्या रिओहाची ग्रान रेसेर्वा सुचवते. ती बाजारात येण्याआधी वायनरीतच पाच वर्षं थांबलेली असते, त्यातली निदान दोन लाकडी पिंपात, म्हणजे धीर धरायचं निम्मं काम दुसऱ्यानं करून ठेवलेलं असतं.

तरुण वाइन मिक्सरमधून फिरवून 'जुनी' करायचे व्हिडिओ मला पाठवू नका. मिक्सर वाइनमध्ये हवा घालतो, वय घालत नाही.

"तू बस, मी गरम गरम वाढते"

सगळ्यात जास्त राग मला या चुकीचा येतो, कारण ती प्रेमापोटी होते आणि म्हणून कुणी सोडत नाही.

माळ्यावरची बाटली गेल्यावर दोन वर्षांनी माझ्या भावानं माद्रिदहून रिओहाची 2001ची ग्रान रेसेर्वा आणली. 2001 हे रिओहाचं अतिशय चांगलं साल. मुलगी बंगळुरूहून शुक्रवारी रात्री आली. शनिवारी मी सकाळपासून मटण, बिरडं, भात यांत होते. साडेआठला बूच काढलं, दोन ग्लास भरले, वास घेतला: वाळलेली अंजिरं, चामडं, पहिल्या पावसाची माती. मग मी तव्याकडे वळले, कारण ज्वारीची भाकरी गरमच हवी. एक थापली, शेकली, वाढली. दुसरी. तिसरी. मुलगी दोनदा म्हणाली, "आई, बस ना आता." मी म्हणाले, आलेच.

मी बसले तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते. तिचं ताट रिकामं झालं होतं आणि ती फोन बघत होती. ग्लासातली वाइन फिकी, आंबूस पडली होती. जुन्या वाइनचा सुगंध नाजूक असतो. हवा लागली की तो फुलतो आणि पाऊण तासात उडूनही जाऊ शकतो. ती वाइन चांगली असताना आम्ही दोघी एका टेबलावर नव्हतोच. हे मला आजही लागून राहिलं आहे.

आता मी मटण आदल्या दिवशी करते. ते मुरून दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, हे आपल्या घरांत सगळ्यांना माहीत आहे. भाकऱ्या करून फडक्यात गुंडाळते, नाहीतर सरळ तूप-भात. सगळी भांडी टेबलावर मांडते, गॅस बंद करते, मगच बूच काढते. एकदा बसले की उठायचं नाही. गरम भाकरी वाढायला उद्याचा दिवस आहे.

तिखट

अल्कोहोलनं तिखटाची आग वाढते. तांबडा रस्सा आणि वीस वर्षांची वाइन एका ताटात आणू नका, दोघांचं वाटोळं होतं. मी लवंगीऐवजी ब्याडगी घेते: रंग येतो, जाळ कमी. भाजलेलं खोबरं, कांदा, धणे, मिरी, थोडी बडीशेप. चिंच-कोकम त्या दिवशी वर्ज्य. सोलकढी दुसऱ्या दिवशी. मांस न खाणाऱ्यांसाठी अळंबीची सुकी भाजी जुन्या वाइनशी फार छान जमते.

बाकीच्या, थोडक्यात

बाटली आदल्या दिवशी उभी करा, गाळ तळाला बसू द्या. ओतताना बाटलीच्या मानेमागे टॉर्च धरा आणि गाळ दिसला की थांबा. हलवून ओतलीत तर तोंडात कडू भुकटी येईल.

जुनं बूच साध्या स्क्रूनं चुरतं. दोन पात्यांचं ओपनर आणा. तरीही चुरा पडलाच तर मलमलीतून गाळा, पण ते फडकं साबणाच्या वासाचं नको.

लाल वाइन 'घरच्या तापमानाला' प्यावी, हे गार देशातल्या घरांबद्दल म्हटलेलं आहे. आपल्याकडे फ्रिजमध्ये ठेवून 16-18 डिग्रीला आणा. फ्रीझर नको.

उदबत्ती, हिंगाची फोडणी, फरशीचं फिनेल: तासभर आधी सगळं आटपून खिडक्या उघडा.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा. वाइन काही सुधारणार नाही, दुसरी काढा. दुसरी साधी बाटली घरात असू द्याच.

मुलाची परीक्षा घेऊ नका. "कसला वास येतो सांग" म्हणून मागे लागलं की ते गप्प होतं. माझ्या मुलीला एकदा आजीच्या कपाटाचा वास आला. मी पुस्तकातलं उत्तर सांगितलं नाही, आणि पुढचा अर्धा तास आम्ही आजीबद्दल बोललो. मूल पीत नसेल तर त्याच्या ग्लासात आग्रहानं ओतायचीही गरज नाही. जेवण आहे, तुम्ही आहात.

आणि त्या रात्री काका-मावशींना बोलावू नका. बाटलीत 750 मिली असते, म्हणजे पाच लहान ग्लास, आणि तळाचा गाळ सोडला तर तेवढेही नाहीत. पाहुण्यांना रविवारी दुपारी बोलवा, ताजी शेनिन गार करून ठेवा, आणि तांबडा रस्सा तेव्हा करा.