पहिलं एअर पिस्तूल घेताय? या चुका टाळा

दुकानात पहिला प्रश्न हमखास येतो: "पॉवर किती आहे?" गणित तिथेच चुकतं. अमेरिकेत हँडगनने हरणाची शिकार करणारा माणूस पॉइंट 44 मॅग्नमसारखं दणकट काडतूस निवडतो, कारण गोळी जनावराच्या शरीरात खोल जायला हवी असते. 10 मीटरवरच्या कागदाला ती ताकद लागत नाही. सामन्याच्या एअर पिस्तुलातून अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण 150 मीटर वेगाने सुटतो, ऊर्जा जेमतेम 6 जूल. शिकारीचं नावच काढू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे ती बंद आहे.

पैसे मोजण्याआधी बघायची ती ग्रिप, म्हणजे पिस्तूल धरायची मूठ. सेकंडहँड पिस्तूल स्वस्तात मिळालं म्हणून बारा वर्षांच्या मुलीच्या हातात मोठ्या माणसाची ग्रिप द्यायची, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पंजा पुरत नाही, मग बोट ट्रिगरपर्यंत पोचवायला ती मनगट वळवते आणि तीच सवय हाडीमाशी मुरते. तपासायची रीत सोपी आहे. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा. नेहमीसारखं धरा, डोळे मिटा, हात टार्गेटच्या दिशेने उचला, मग डोळे उघडा. मनगट न हलवता पुढची साइट (नळीच्या टोकाकडची नेम धरायची पट्टी) मागच्या साइटच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. पाच वेळा करून बघा. दर वेळी ती एकाच बाजूला सरकलेली असेल तर दोष ग्रिपच्या आकारात किंवा कोनात आहे. साइटचे स्क्रू फिरवून तो जाणार नाही. लाकूड घासावं किंवा पुटीने भरावं, पण थोडं थोडं. ट्रिगरच्या बोटाला लाकूड कुठेही लागता कामा नये. लागलं की बोट दाबताना पिस्तूल ढकललं जातं आणि भोकं आडवी पसरतात. तळहाताला खालून टेकू देणारी ग्रिपची फळी घट्ट आवळणंही तितकंच वाईट, हात थरथरतो.

आता साइट. दोन साइटमधलं अंतर 350 मिमी धरा. पुढची साइट खाचेत फक्त 1 मिमी बाजूला गेली तर 10 मीटरवर छर्रा सुमारे 28 मिमी सरकतो. दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिमी व्यासाचं, म्हणजे तो छर्रा थेट सातात! उलट साइट जुळलेल्या ठेवून अख्खा हात थोडा डोलला, तर नुकसान फार कमी. म्हणून नजर पुढच्या साइटवर हवी, काळा गोल धूसर दिसला तरी चालेल. नवशिके नेमकं उलटं करतात, आणि एक शॉट बाहेर गेला की लगेच साइट फिरवतात. निदान पाच शॉट मारा, भोकांचा पुंजका कुठे पडतो ते बघा, मगच हात लावा.

ट्रिगरचं वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा जोर, नियमाने किमान 500 ग्रॅम. अगदी काठावर लावू नका. वजनतपासणीत पिस्तूल बाद होतं. 510 ते 520 ठेवा. पिस्तुलाचं स्वतःचं वजन 1500 ग्रॅमपर्यंत चालतं, पण नवख्याने 900 ते 1000 च्या आसपासचंच घ्यावं. सामन्याच्या 60 शॉटपर्यंत हात टिकायला हवा.

छर्रे चपट्या तोंडाचे, 4.5 मिमीचेच घ्या. टोकदार छर्रा कागद फाडतो, गुण मोजताना वाद होतो.

छर्रा ज्या दाबलेल्या हवेने सुटतो, तिच्या सिलिंडरवरची तारीख न बघता जुनं पिस्तूल घेणं धोक्याचं आहे. बहुतेक उत्पादक सिलिंडरला 10 वर्षं आयुष्य देतात, आणि आत 200 बार दाब असतो. मुदत संपलेलं सिलिंडर वापरायचंच नाही, कितीही चकचकीत दिसलं तरी. हातपंपाने भरत असाल तर मध्येमध्ये थांबा, पंप गार होऊ द्या. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हवेबरोबर ओलावाही आत जातो, तेव्हा ओलावा टिपणारा फिल्टर हवाच. भरलेल्या सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा रात्री लिहून ठेवा, सकाळी पडताळा. ताजं भरलेलं गरम सिलिंडर गार झाल्यावर काटा थोडा उतरतोच, ती गळती नव्हे. गार झाल्यानंतरही उतरत राहिला तर बहुधा ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) गेलेली असते. तिला साधं तेल लावू नका, सिलिकॉन ग्रीसच लावा. सराव चांगला चालू असताना शॉट अचानक खाली पडू लागले, तर हाताला दोष देण्याआधी तो काटा बघा.