कमी उजेडाच्या टाकीत समुद्रफूल ठेवताय? या चुका टाळा

सदाशिव पेठेत आमची खोली तळमजल्यावर. समोर इमारत उभी राहिल्यापासून भर दुपारीही ट्यूब लावावी लागते. अशा खोलीतल्या माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मी पहिलं समुद्रफूल आणलं, म्हणजे दुकानात ज्याला नुसतं ‘ॲनिमोन’ म्हणतात ते. दुकानदार म्हणाला, ‘साधा एलईडी चालतो, अधूनमधून कोळंबी घाला.’ दोन महिन्यांत ते तपकिरी फूल फिकट झालं, मग कागदासारखं पांढरं. काय सुंदर रंग आलाय म्हणून मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. त्याच्या उपासमारीला मी रंग समजत होतो.

समुद्रफूल हा प्राणी आहे. पण बबल टिप, कार्पेट अशा, क्लाऊनफिश या पट्टेदार माशाला आसरा देणाऱ्या जातींच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. उजेड अपुरा पडला की शैवाल जातं, आणि शैवालाबरोबर रंगही. म्हणून दुकानात पांढरंशुभ्र फूल दिसलं तर हात आखडता घ्या. भडक पिवळं किंवा गुलाबी दिसलं तर आणखी सावध व्हा, कारण पांढरी पडलेली फुलं रंगवूनही विकतात.

‘खोलीत उजेड आहे की!’

आपले डोळे इथे फसवतात. शैवालाच्या कामाच्या उजेडाला ‘पार’ (PAR) म्हणतात आणि तो आकड्यात मोजतात. बबल टिपला साधारण 150 च्या पुढे पार लागतो. घरातल्या ट्यूबखाली तो बहुतेकदा एक आकडीच भरतो. खिडकीतल्या उन्हावर भिस्त ठेवली तर पाणी तापतं, काचेवर शेवाळ चढतं आणि फुलाला उजेड मिळतो तो तासभर. पाणी जितकं खोल तितका उजेडही घटतो, त्यामुळे दिवा माफक असेल तर उंच टाकीपेक्षा उथळ टाकी बरी.

उजेडाची तूट खाऊ घालून भरून काढू, हा माझा दुसरा घोळ. आठवड्यातून एकदोनदा बिनमिठाच्या कच्च्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा पुरतो. मी रोज घालत होतो. फुलाने अर्धं ओकून टाकलं आणि ते कुजून पाण्यात नायट्रेट हा घाण करणारा क्षार चढत गेला.

मग कोणतं घ्यायचं?

दिवा बदलायचा नसेल तर फूल बदला. रॉक फ्लॉवर नावाचं समुद्रफूल मध्यम उजेडात तग धरतं, पण तळमजल्याच्या अंधारात तेही नाही. ट्यूब ॲनिमोनच्या अंगात शैवाल नसतं, त्यामुळे त्याला उजेड लागतच नाही. (शास्त्राच्या दृष्टीने ते खरं समुद्रफूल नव्हे, पण दुकानात शेजारीच असतं.) त्याला किमान 15 सेंटीमीटर वाळूचा थर आणि नियमित खाणं द्यावं लागतं. मात्र त्याचा डंख चांगलाच असतो आणि छोटा मासा हाती लागला तर ते गट्ट करतं.

खास दिव्याविना समुद्रफूल किती जगतं? स्कॉटिश निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलियेल यांनी 1828 मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेलं एक फूल एडिनबर्गमध्ये 1887 पर्यंत जगलं. तेही काचेच्या बरणीत, दिव्याबिव्याशिवाय. ती शैवाल न पाळणारी जात होती. पण ती थंड पाण्यातली. पुण्याच्या उन्हाळ्यात चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) तिचं नाव काढू नका.

फूल काही सांगतंय

देठ लांबवून वर ताणलं जात असेल तर त्याला उजेड कमी पडतोय. टाकीभर चालत सुटलं तर जागा पसंत नाही, उजेड नाहीतर प्रवाह बिघडलाय. अशा वेळी पंपाच्या तोंडाला आधी स्पंज लावा, नाहीतर फुलाची चटणी होते. ओढून जागेवर बसवायला जाऊ नका. पाय, म्हणजे खालची चिकटणारी बाजू, फाटला की बहुतेकदा कारभार आटोपतो.

पांढरं पडलेल्या फुलावर घाबरून नवा दिवा एकदम पूर्ण सोडणं ही तर घातक चूक. कमी तीव्रतेवर सुरू करा आणि तीन-चार आठवड्यांत वाढवत न्या.

फूल एखाद्या दिवशी आक्रसून पिशवीसारखं पडलं तर लगेच रडू नका, ते जुनं पाणी बाहेर टाकत असतं. तोंड उघडंच राहिलं, अंग विरघळू लागलं आणि कुजका वास आला, तर मात्र त्याच क्षणी बाहेर काढा. मेलेलं फूल रात्रीत अख्खी टाकी नासवू शकतं.

पुण्याचं पाणी, पुण्याचा उन्हाळा

नळाला येणाऱ्या खडकवासल्याच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि टँकर-बोअरचं पाणी जड. मिठाचं पाणी आरओवरच बनवा, खारटपणा मोजणारं विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास ठेवा. घरच्या प्युरिफायरमध्ये खनिजं परत मिसळली जात असतील तर ते पाणी टाळा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत टाकी भराभर आटते. ती भर साध्या आरओ पाण्याने घाला. मीठ उडून जात नाही, खारं पाणी ओतत राहिलात तर खारटपणा चढतो. पृष्ठभागावर पंखा सोडला की तापमान दोनतीन अंश उतरतं. पावसाळ्याच्या दमट हवेत तो तितका उपयोगी नाही.

माशांना पांढरे ठिपके आले तर तांब्याचं औषध या टाकीत नको, ते फुलाला सोसत नाही; मासे वेगळ्या टाकीत काढा.

माझ्या त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात आता ट्यूब ॲनिमोन आहे. रात्री दिवे मालवले की ते पूर्ण फुलतं. पाहुणे आले की टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळतो आणि सगळ्यांना मांडी घालून खाली बसवतो.